आयएसओ इमेज नीट बर्न करा, म्हणजे सीडी बूट होईल

सीडी बर्न झाली, प्रोग्रामने काम यशस्वी झालं म्हणून सांगितलं, ट्रे बाहेर आला, सीडी परत आत घातली, मशीन रीस्टार्ट केलं आणि समोर काय तर हार्ड डिस्कवरची तीच नेहमीची सिस्टीम. असं झालं की बहुतेक जण लगेच बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) शिरतात, तिथून काही निघालं नाही की ड्राइव्हवर संशय घेतात आणि मग तीच इमेज, म्हणजे डिस्कची प्रत असलेली ती आयएसओ फाईल, त्याच पद्धतीने दुसऱ्या कोऱ्या सीडीवर मारतात. माझं म्हणणं एवढंच की यातलं काहीही करण्याआधी ती सीडी चालू कॉम्प्युटरमध्ये घाला आणि नुसती उघडून बघा. आत एकच भलीमोठी फाईल दिसतेय का, शेवटी डॉट आयएसओ असलेली? मग बायोस, ड्राइव्ह, कोरी सीडी यातलं काहीच खराब नाहीये, इमेज सीडीवर चुकीच्या पद्धतीने गेलीय आणि ती सीडी कधीच बूट होणार नाही.

मला हे सविस्तर लिहावंसं वाटतं कारण कितीतरी लोकांचा लिनक्स वापरून बघायचा पहिला प्रयत्न इथेच थांबतो. माणूस एवढी मोठी फाईल डाऊनलोड करतो, सीडी बनवतो, ती चालत नाही, आणि मग "आपल्या मशीनवर हे चालत नाही" असं ठरवून विषय सोडून देतो. बिघडलेल्या कॉम्प्युटरसाठी रेस्क्यू सीडी बनवणाऱ्याची तर अजून वाईट अवस्था, कारण त्याला ती सीडी आत्ताच्या आत्ता हवी असते आणि दुसरं मशीन हाताशी असेलच असं नाही.

तर मूळ गोष्ट अशी. आयएसओ फाईल म्हणजे अख्ख्या डिस्कची सेक्टर-टू-सेक्टर प्रत. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ठरलेल्या मापाचा छोटा तुकडा. डिस्कवरचा पहिला सेक्टर, दुसरा सेक्टर, तिसरा, असं शेवटपर्यंत जसंच्या तसं एका फाईलमध्ये ओळीने भरलेलं. त्यामुळे बर्न करताना ती फाईल उलगडून तिचा पहिला सेक्टर डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर, दुसरा दुसऱ्यावर असं जायला पाहिजे. आपण "डेटा सीडी" निवडून तीच फाईल आत ओढली की बर्न करणारा प्रोग्राम स्वतःची नवीन फाईल सिस्टीम (कुठली फाईल कुठे ठेवलीय त्याची मांडणी) तयार करतो आणि त्यात आपली आयएसओ एक साधी फाईल म्हणून ठेवतो. बंद डबा दुसऱ्या डब्यात ठेवून वरचं झाकण लावल्यासारखं होतं ते. बायोस वरचं झाकण उघडतो, आत त्याला हवं ते दिसत नाही, तो पुढे हार्ड डिस्ककडे जातो. त्याचं काही चुकत नाही.

बायोसला नक्की काय हवं असतं ते कळलं ना की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं, म्हणून थोडं खोलात सांगते. डेटा सीडीवर एका सेक्टरमध्ये आपल्या कामाचे २०४८ बाइट असतात. प्रत्यक्ष डिस्कवर सेक्टर २३५२ बाइटचा असतो पण उरलेले बाइट सेक्टरचा पत्ता, सिंक आणि चुका दुरुस्त करायची माहिती यात जातात. आयएसओ ९६६० हे स्टँडर्ड १९८८ चं, आणि त्याप्रमाणे सुरुवातीचे १६ सेक्टर म्हणजे ३२ केबी जागा सिस्टीमसाठी मोकळी सोडलेली असते. मोजणी शून्यापासून होते त्यामुळे मोकळ्या जागेनंतरचा पहिला सेक्टर १६ नंबरचा. त्यात डिस्कचं नाव, एकूण साइझ, मुख्य फोल्डर कुठे आहे वगैरे. आणि त्याच्या लगेच पुढे, १७ नंबरच्या सेक्टरमध्ये, बूट होणाऱ्या डिस्कवर बूट रेकॉर्ड असतं. पीसीने हे बूट रेकॉर्ड कसं वापरायचं ते फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी जानेवारी १९९५ मध्ये एल टोरिटो नावाच्या स्पेसिफिकेशनमध्ये ठरवून दिलं आणि आजही सीडी-डीव्हीडी त्याच पद्धतीने बूट होतात.

बायोस काय करतो, तर थेट १७ नंबरचा सेक्टर वाचतो. तिथे एल टोरिटोची खूण आहे का बघतो. असेल तर तिथे लिहिलेला एक पत्ता घेतो, तो पत्ता असतो बूट कॅटलॉगचा. कॅटलॉगमध्ये नोंद असते की बूट करायचा कोड अमुक सेक्टरपासून सुरू होतो, त्यातला एवढा भाग मेमरीत घ्या आणि चालवा. बस. फाईलचं नाव, फोल्डर, एक्स्टेन्शन यातलं काहीच बायोस बघत नाही, त्याला फाईल सिस्टीम कळत नाही, कळायची गरजही नाही. सगळा खेळ "कुठल्या नंबरच्या सेक्टरवर काय आहे" एवढ्यावरच चालतो. आता बघा, आयएसओ जर साधी फाईल म्हणून बर्न केली तर इमेजमधला १७ नंबरचा सेक्टर डिस्कवर भलत्याच कुठल्यातरी जागी जाऊन पडतो आणि डिस्कच्या खऱ्या १७ नंबरवर बाहेरच्या फाईल सिस्टीमचं काहीतरी असतं. खूण सापडत नाही, विषय संपला.

(सुरुवातीच्या काळात बूट सीडीमध्ये फ्लॉपीची इमेज असायची आणि बायोस असं भासवायचा की मशीनमध्ये खरोखरच १.४४ एमबीची फ्लॉपी घातलीय. त्यासाठी एल टोरिटोमध्ये फ्लॉपी इम्युलेशनची वेगळी सोय आहे. नंतर लिनक्सच्या सीडी आयसोलिनक्स हा बूट सुरू करणारा प्रोग्राम वापरायला लागल्या, त्याला इम्युलेशन लागत नाही आणि फ्लॉपीच्या साइझची मर्यादाही येत नाही.)

आता दुसरी चूक, आणि ही जास्त फसवी आहे कारण सीडी उघडून बघितली तर सगळं बरोबर दिसतं. बऱ्याच मशीनवर आयएसओ फाईलला झिप उघडणाऱ्या प्रोग्रामचं आयकॉन असतं. साहजिकच माणसाला वाटतं की ही कॉम्प्रेस केलेली फाईल आहे, आधी एक्स्ट्रॅक्ट करू. विंडोज ८ पासून तर आयएसओवर डबल क्लिक केलं की ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडतेच, आतले फोल्डर दिसतात, मग ते सगळे सिलेक्ट करून कोऱ्या सीडीवर ओढले जातात. सीडीवर सगळे फोल्डर आहेत, फाईली आहेत, साइझ पण जुळते. तरी बूट होत नाही.

कारण बूट रेकॉर्ड ही फाईल नाहीच, ते दोन फोल्डरांच्या मध्ये कुठे दिसत नाही, त्यामुळे कॉपीत येत नाही. पण समजा एखाद्याने चिकाटीने बर्न करायच्या प्रोग्राममध्ये "बूटेबल" हा पर्याय शोधला आणि आयसोलिनक्सची फाईल बूट फाईल म्हणून दिली, तरी काम होईलच असं नाही. आयसोलिनक्सच्या बूट फाईलमध्ये सुरुवातीलाच एक छोटा तक्ता असतो, इमेज बनवताना त्यात त्या फाईलचा सेक्टर नंबर, तिची लांबी आणि चेकसम (फाईल बिघडली नाही ना ते तपासायचा आकडा) भरलेला असतो. तुम्ही नवीन डिस्क बनवलीत की तीच फाईल वेगळ्या सेक्टरवर जाते आणि तक्त्यातला पत्ता जुनाच राहतो, मग कोड चालू झाला तरी पुढचा भाग कुठून वाचायचा हे चुकतं आणि "इमेज चेकसम एरर" सारखा मेसेज येऊन सगळं थांबतं. त्यात डिस्कच्या नावाची भानगड वेगळीच. काही लिनक्स, उदाहरणार्थ फेडोराची लाईव्ह डिस्क, बूट होताना आपली मुख्य सिस्टीम कुठे आहे ते डिस्कच्या लेबलवरून शोधतात. तुम्ही नवीन सीडीला "माझी सीडी" असं काहीतरी नाव दिलंत किंवा प्रोग्रामने आपोआप तारीख टाकली की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लोड होतो आणि मग ते लेबल शोधत बसतो. शिवाय लिनक्सच्या डिस्कवर फाईलींची मोठी नावं, परवानग्या, लिंक हे सगळं रॉक रिज नावाच्या पद्धतीने ठेवलेलं असतं आणि विंडोजवर एक्स्ट्रॅक्ट करताना त्यातलं बरंच काही गळून जातं.

एवढं सगळं परत हाताने जुळवण्यापेक्षा इमेज जशीच्या तशी बर्न करणं कितीतरी सोपं आहे. ज्यांना इमेजमध्ये खरंच बदल करायचेत, स्वतःचे ड्रायव्हर टाकायचेत, त्यांच्यासाठी झोरिसो किंवा मेकआयसोएफएस आहेत, पण तो वेगळा उद्योग.

मग बरोबर पद्धत कुठली, तर मेनूमध्ये "इमेज" हा शब्द शोधायचा. बर्न इमेज, राइट इमेज टू डिस्क, बर्न डिस्क इमेज, असलं काहीतरी. "न्यू डेटा डिस्क", "ॲड फाईल्स", "कॉपी टू डिस्क" असल्या रस्त्याने जायचं नाही. विंडोज ७ पासून ही सोय विंडोजमध्येच आहे, आयएसओ फाईलवर राइट क्लिक करा आणि "बर्न डिस्क इमेज" निवडा, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. हा पर्याय दिसत नसेल तर आयएसओ फाईल दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामला जोडली गेलीय असं समजा, राइट क्लिक करून "ओपन विथ" मध्ये विंडोज डिस्क इमेज बर्नर निवडा. एक्सपीमध्ये ही सोय नव्हती, तिथे इमगबर्न किंवा इन्फ्रारेकॉर्डर असं काहीतरी लागतंच. लिनक्सवर केथ्रीबी, ब्रासेरो, एक्सएफबर्न यातलं जे असेल ते चालतं, तिघांतही इमेज बर्न करायचा वेगळा पर्याय आहे. मॅकवर पूर्वी हे डिस्क युटिलिटीतून व्हायचं, एल कॅपिटनपासून तिथलं बर्न बटण गेलं पण फाईंडरच्या फाईल मेनूतून होतं.

डॉट आयएसओ सोडून दुसऱ्या प्रकारच्या इमेजही असतात, बिन आणि क्यू ही जोडी, एनआरजी, एमडीएफ वगैरे. बिन-क्यू मध्ये क्यू ही छोटी टेक्स्ट फाईल असते आणि ट्रॅक कसे आहेत ते तिच्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रोग्रामला क्यू फाईल द्यायची, बिन नाही. बिनमध्ये बऱ्याचदा सेक्टर २३५२ बाइटचे पूर्ण साठवलेले असतात, म्हणून नुसतं एक्स्टेन्शन बदलून आयएसओ केलं तर काही होत नाही. पण ऑपरेटिंग सिस्टीमच्या इमेज बहुतेक वेळा आयएसओमध्येच मिळतात त्यामुळे यावर जास्त वेळ घालवत नाही.

बर्न करण्याआधीचं एक काम मात्र मी कधीच सोडत नाही आणि तुम्हीही सोडू नका, ते म्हणजे हॅश, फाईलमधल्या डेटावरून काढलेली तिची ओळखखूण, तपासणं. डाऊनलोडच्या पानावर इमेजच्या जवळपास एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ दिलेली असते, नाहीतर त्यासाठी वेगळी छोटी फाईल असते. एमडी५ असेल तर ३२ अक्षरं, शा-२५६ असेल तर ६४. आपल्या फाईलचा हॅश काढायचा आणि ताडून बघायचा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आधीपासूनच असते, तिला हॅशफाईल हा पर्याय, फाईलचं नाव आणि शा-२५६ असं सांगितलं की झालं. लिनक्सवर शा-२५६-सम, मॅकवर शा-सम, पण त्याला २५६ चा पर्याय द्यायचा. फाईलमधला एक बिट जरी बदलला असेल तरी अख्खी ओळ वेगळी येते, त्यामुळे सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरं जुळली तरी फाईल धड उतरली आहे एवढं कळतं, हां पण मी पूर्ण ओळ कॉपी-पेस्ट करून जुळवते कारण त्याला काही कष्ट पडत नाहीत.

इथे एक फरक समजून घ्या. डाऊनलोड अर्धवट झालं, मध्येच काही बिघडलं, हे पकडायला एमडी५ आजही पुरेसा आहे. पण कोणी मुद्दाम फाईल बदलून ठेवली असेल तर त्यावर भरवसा ठेवायचा नाही. २००४ मध्ये शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ येणाऱ्या दोन वेगवेगळ्या गोष्टी बनवून दाखवल्या, तेव्हापासून सुरक्षेसाठी तो बाद झाला. म्हणून शा-२५६ दिलेला असेल तर तोच बघा, आणि हॅशच्या फाईलला डिजिटल सही असेल तर जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रामने तीही तपासा. ज्या पानावरून फाईल घेतली त्याच पानावरचा हॅश जुळला यातून फाईल पूर्ण उतरली एवढंच सिद्ध होतं, ती मूळ लोकांनीच बनवली हे सिद्ध होतं सहीमुळे. ज्या डिस्कवरून तुम्ही सगळी सिस्टीम इन्स्टॉल करणार त्या डिस्कबद्दल एवढी काळजी घ्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

हॅश जुळला नाही तर सगळं परत डाऊनलोड करायच्या आधी त्याच इमेजचा टॉरेंट मिळतोय का बघा. टॉरेंट प्रोग्रामला ती खराब फाईल दाखवून रीचेक करायला सांगितलं की तो तुकडा तुकडा तपासतो आणि फक्त बिघडलेले तुकडे नव्याने आणतो. स्लो नेट असेल तर ही मोठीच सोय आहे.

मग साइझ. ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर बसतात, त्याला २०४८ ने गुणलं की ७३,७२,८०,००० बाइट, म्हणजे १०२४ च्या हिशोबाने जेमतेम ७०३ एमबी. जुन्या ७४ मिनिटांच्या सीडीवर ६५०. गोंधळ होतो तो इथे, की कुठे एमबी १००० च्या पटीत दाखवतात, कुठे १०२४ च्या, त्यामुळे ७३० एमबी दिसणारी इमेजही सीडीवर बसू शकते आणि ७१० दिसणारी बसत नाही. शंका असेल तर बाइटमधला आकडा बघा आणि वरच्या आकड्याशी ताडा. आताच्या बऱ्याचशा डेस्कटॉप इमेज सीडीवर बसतच नाहीत, उबुंटूने १२.१० पासूनच सीडीची मर्यादा सोडली. अशी इमेज सरळ डीव्हीडीवर बर्न करा, पद्धत तीच, एल टोरिटो पण तोच. इमेज "छोटी" करायच्या नादी लागू नका.

स्पीडबद्दल खूप मतं आहेत. १एक्स म्हणजे सेकंदाला ७५ सेक्टर, १५० केबी. ५२एक्स लिहिलेला ड्राइव्ह तो वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला गाठतो, आतल्या बाजूला तो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. जुना सल्ला होता की जेवढं स्लो तेवढं चांगलं, पण ते नेहमी खरं नाही, आताच्या कोऱ्या सीडीचा डाय (ज्यावर लेसरने लिहिलं जातं तो रंगाचा थर) जास्त वेगासाठी बनवलेला असतो आणि अगदी कमी वेगात उलट लिखाण बिघडू शकतं. मला १६एक्स किंवा २४एक्स योग्य वाटतो, वेळ फार जात नाही आणि जुन्या थकलेल्या ड्राइव्हलाही ती डिस्क वाचता येते. पूर्वी बर्न करताना कॉम्प्युटरला हात लावायची भीती असायची कारण डेटा वेळेवर पोचला नाही की बफर रिकामा होऊन डिस्क वाया जायची. २००० च्या आसपास सान्योचं बर्न-प्रूफ आणि तसलीच दुसरी तंत्रं आली, ड्राइव्ह मध्येच थांबून परत तिथूनच सुरू करायला शिकला आणि ती भीती गेली. तरी बर्न चालू असताना मी मशीनवर दुसरं जड काम काढत नाही.

पर्यायांमध्ये डिस्क-ॲट-वन्स (सगळी डिस्क एका दमात लिहिणं) आणि ट्रॅक-ॲट-वन्स (एकेक ट्रॅक वेगळा लिहिणं) असं विचारलं तर डिस्क-ॲट-वन्स घ्या. आणि डिस्क बंद करा, म्हणजे फायनलाइझ, मल्टिसेशन (नंतर वेगळ्या सेशनमध्ये भर घालायची सोय) ठेवू नका. याचं कारण नुसतं नीटनेटकेपणा नाही. एल टोरिटोप्रमाणे बायोसने डिस्कवरच्या शेवटच्या सेशनमधलं बूट रेकॉर्ड बघायचं असतं. २०० एमबीची रेस्क्यू सीडी बनवली, डिस्क उघडी ठेवली, आणि नंतर उरलेल्या जागेत कोणी चार फोटो टाकले की शेवटचं सेशन फोटोंचं होतं आणि त्यात बूट रेकॉर्ड नसतं. कालपर्यंत चालणारी सीडी आज बूट होत नाही आणि कोणाला काही कळत नाही. रिकामी जागा रिकामीच राहू दे.

बर्न झाल्यावर व्हेरिफाय. विंडोजच्या बर्नरमध्ये "व्हेरिफाय डिस्क आफ्टर बर्निंग" अशी टिक असते, बाकीच्या प्रोग्राममध्येही असते, ती मारून ठेवा. वेळ दुप्पट लागतो पण डिस्क खरोखर वाचता येते का हे तेव्हाच कळतं. हाताने करायचं असेल तर आधी डिस्क बाहेर काढून परत घाला, नाहीतर सिस्टीम मेमरीत राहिलेलाच डेटा तुम्हाला परत दाखवू शकते. मग डिस्कवरून वाचून हॅश काढा आणि आयएसओच्या हॅशशी जुळवा. लिनक्सवर हे करणाऱ्यांना एक त्रास हमखास होतो, अख्खा ड्राइव्ह वाचायला लावला की अगदी शेवटी एरर येतो किंवा हॅश वेगळाच येतो आणि वाटतं की डिस्क गेली. ट्रॅक-ॲट-वन्सने लिहिलेल्या डिस्कवर ट्रॅकच्या शेवटी दोन सेक्टर असे असतात की त्यात डेटा नसतो, ते वाचायला गेलं की एरर. त्यामुळे आयएसओसाइझ या कमांडने इमेज किती सेक्टरची आहे ते काढा आणि तेवढेच सेक्टर वाचा. बऱ्याच इमेजच्या शेवटी १५० रिकामे सेक्टर मुद्दाम जोडलेले असतात ते याच भानगडीसाठी, म्हणजे पुढचं वाचायला जाणारा ड्राइव्ह अडखळला तरी खऱ्या डेटाला धक्का लागत नाही.

सीडी-आर घ्यायची की सीडी-आरडब्ल्यू? प्रयोग करायला आरडब्ल्यू छान, पण तिचा पृष्ठभाग फार कमी प्रकाश परत पाठवतो, साधारण १५ ते २५ टक्के, तर सीडी-आरचा ६५ टक्क्यांच्या वर असतो. जुने ड्राइव्ह आरडब्ल्यू वाचताना गडबडतात, आणि बूट सीडी लागते ती नेमकी जुन्याच मशीनला. म्हणून जपून ठेवायची असेल ती सीडी-आरवरच.

सगळं बरोबर केलं तरी पुढे मशीनची बाजू उरते. बायोसमध्ये बूट ऑर्डर बदलण्यापेक्षा सुरू होतानाच बूट मेनू उघडणं सोपं, कुठे एफ१२, कुठे एफ११, कुठे एस्केप, मशीनप्रमाणे बदलतं आणि बहुतेक वेळा पहिल्या स्क्रीनच्या खाली लिहिलेलं असतं. विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कवर "प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी ऑर डीव्हीडी" अशी ओळ काही सेकंदच येते, तेवढ्यात की दाबली नाही तर मशीन हार्ड डिस्कवर जातं आणि डिस्क चालत नाही असा समज होतो. स्क्रीनकडे बघत राहा.

यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असलेल्या मशीनवर तोच सीडी ड्राइव्ह मेनूत दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय असं लिहून. कारण आताच्या इमेजच्या बूट कॅटलॉगमध्ये दोन नोंदी असतात, एक जुन्या बायोससाठी आणि एक यूईएफआयसाठी, दुसऱ्या नोंदीच्या मागे एक छोटी फॅट फाईल सिस्टीमची इमेज असते. नवीन इन्स्टॉल करायचं असेल तर तुमच्या मशीनला जे योग्य ते निवडा. पण हार्ड डिस्कवर आधीच असलेली सिस्टीम दुरुस्त करायची असेल, खास करून बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम), तर ती सिस्टीम ज्या मोडमध्ये बसवली त्याच मोडमध्ये सीडी बूट करा. यूईएफआयमध्ये बसवलेली सिस्टीम दुरुस्त करायला जुन्या मोडमध्ये बूट केलंत तर यूईएफआयच्या बूट नोंदींना हातच लावता येत नाही आणि दुरुस्ती का होत नाही हेही समजत नाही. जुन्या इमेजमध्ये यूईएफआयची नोंदच नसते, त्यासाठी मशीनच्या सेटिंगमध्ये लेगसी किंवा सीएसएम (जुन्या बायोससारखं बूट करायची सोय) चालू करावं लागतं, ते मशीनमध्ये असेल तर. आणि सही नसलेला बूटलोडर असेल तर सिक्युअर बूट ही यूईएफआयची सुरक्षा तो अडवते.

कुठे अडतंय ते ओळखणं पण फार अवघड नाही. सीडीची काहीच दखल न घेता मशीन हार्ड डिस्कवर गेलं तर बूट रेकॉर्ड नाही, किंवा मोड जुळत नाही, किंवा ऑर्डर चुकलीय. मेनू आला, काहीतरी लोड झालं आणि मग वाचता येत नाही असे एरर येत राहिले, ड्राइव्ह परत परत घरघर करतोय, तर इमेज बरोबर गेलीय पण डिस्क नीट लिहिली गेली नाही किंवा ड्राइव्हची लेन्स थकलीय. मग स्पीड कमी करून, दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी घेऊन बघा. कर्नलने सुरुवातीलाच प्रोसेसरबद्दल तक्रार केली तर ३२ बिटच्या मशीनवर ६४ बिटची डिस्क घातलीय.

आणि इमेजबद्दलच शंका असेल तर सीडी खर्ची घालायच्या आधी व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू या, कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर चालवणाऱ्या, प्रोग्राममध्ये ती आयएसओ सीडी म्हणून लावून बूट करून बघा. तिथे मेनू आला म्हणजे इमेजमध्ये बूट रेकॉर्ड आहे आणि ते चालतंय. मग प्रत्यक्ष डिस्क चालली नाही तर दोष बर्न, डिस्क, ड्राइव्ह आणि मशीनची सेटिंग यातच शोधायचा, परत डाऊनलोड करायची गरज नाही.

पेन ड्राइव्हच्या काळात सीडी कशाला असं विचारतील, तर काही जुन्या मशीनचा बायोस यूएसबीवरून बूटच होत नाही, आणि फायनलाइझ केलेल्या सीडी-आरवर नंतर काहीही लिहिता येत नाही हा रेस्क्यूच्या कामात खरा फायदा आहे, व्हायरस लागलेल्या मशीनमध्ये घातली तरी ती आहे तशीच राहते. पेन ड्राइव्हवरही आयएसओ नुसती कॉपी करून बूट होत नाही हे जाता जाता सांगते. लिनक्सच्या बऱ्याच इमेज हायब्रिड असतात, सुरुवातीच्या त्या मोकळ्या ३२ केबीमध्ये हार्ड डिस्कसारखं बूट सेक्टर भरलेलं असतं, त्यामुळे तीच इमेज सेक्टर-टू-सेक्टर पेन ड्राइव्हवर लिहिली की चालते. विंडोजच्या इमेज तशा नसतात, त्यांना वेगळं टूल लागतं.

डिस्क तयार झाली की तिच्यावर लगेच लिहा, नाव, आवृत्ती, ३२ की ६४ बिट, यूईएफआयवर चालते का, आणि तारीख. बॉलपेन वापरू नका, सीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर घ्या, कारण सीडी-आरमध्ये डाय आणि चकाकणारा थर हा वरच्या, लिहायच्या बाजूलाच पातळ लॅकरच्या खाली असतो आणि तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक असतो. कागदी स्टिकर तर नकोच, जोरात फिरताना तोल जातो. कव्हरमध्ये घालून उन्हापासून लांब ठेवा.